हमालीच्या सालची बाटली

वसंताने मला फसवलं. वसंता म्हणजे बोरी अरबचा माझा शाळेपासूनचा मित्र. आम्ही दोघांनी मिळून जपलेली शेवटची बाटली त्याने माझ्या माघारी उघडली, एकट्याने रिकामी केली आणि धुऊन पालथी घातली. या हंगामाला त्या गोष्टीला वर्ष होईल.

आज सकाळी दारव्ह्याच्या बाजार समितीच्या यार्डात नवा कापूस आला. अजून ढीग लागलेले नाहीत, दोन-चार टेम्पो आणि एक बैलगाडी. पहिल्या वेच्याच्या कापसाला एक वास असतो. थोडा उन्हाचा, थोडा चुरलेल्या पाल्याचा, आणि सरकीमुळे थोडा तेलकट. मी गाडीजवळ गेलो, चिमूटभर कापूस उचलला, दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये धरून ओढला आणि धाग्याची लांबी पाहिली. आज यंत्रं आहेत, पण अंगठ्याचा निकाल मी अजून यंत्राकडून तपासून घेतलेला नाही. धागा तुटायला जेवढा वेळ घेतो तेवढा वेळ मी कोणाशी बोलत नाही. आणि नेमकं तेवढ्या वेळात, यार्डाच्या त्या धुळीत, माझ्या जिभेला भलतीच आठवण झाली. ओल्या मातीची, तेंदूच्या वाळलेल्या पानांची, सुकलेल्या बोरांची. ही जुन्या लाल वाइनची चव. फ्रान्समध्ये बोर्दो नावाचा मुलूख आहे, तिथली.

माझ्यासारख्या माणसाला तिचं काय कौतुक, असं कोणालाही वाटेल. मी या यार्डात हमाल म्हणून शिरलो. मग काटा धरला, मग दलाली केली, आता कापसातली सरकी काढायचं स्वतःचं छोटं जिनिंग आहे. मला कोणी काही उचलून दिलेलं नाही. जे मिळालं ते घासाघीस करून मिळालं. माझा राग सगळ्या यार्डाला माहीत आहे. मी मोठ्याने बोलायला लागलो की चहावाला कप मागे सरकवतो. पिण्याबद्दल म्हणाल तर मोहाची पहिल्या धारेची मी चाखलेली आहे, आणि तिची बरोबरी करणारं काही असेल असं मला वाटलं नव्हतं. हे सगळं वसंतामुळे झालं.

वसंता तरुणपणी जहाजावर स्वयंपाक्या म्हणून गेला. पुढे बोर्दो शहरातल्या एका हॉटेलच्या भटारखान्यात त्याचं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. सुट्टीवर यायचा तेव्हा सामानात स्वेटरमध्ये गुंडाळलेल्या दोन बाटल्या असायच्या. पहिल्यांदा त्याने मला दिली ती मी एका घोटात घेतली आणि तोंड वाकडं केलं.

"हे तं जांभळाची साल चावल्यावानी लागते बे! एवढ्या लांबून हे आणलं तू?"

"कच्ची आहे थे. मुद्दाम दाखवली तुले. हिले धा-पंधरा वर्सं पडू देयाची असते."

"पंधरा वर्सं? तवरिक आपण राहू का?"

"आपण नाई राह्यलो तं थे राहीन. कायले घाबरतं?"

मला ते वाक्य आवडलं नाही, पण सौदा आवडला. थांबण्यात ज्याचा फायदा आहे असा माल मी कधी पाहिला नव्हता. कापूस ठेवला की पिवळा पडतो, सोयाबीन ठेवलं की घटतं. माणूस ठेवला की काय होतं ते सांगायला नको. ठेवल्याने सुधारणारी वस्तू जगात आहे, आणि ती माझ्या मित्राच्या बॅगेत आहे, हे मला त्या दिवशी समजलं.

ठेवायची कुठे, हा प्रश्न होता. पहिली जोडी मी कपाटात ठेवली. आमच्याकडचा वैशाख तुम्हाला माहीत असेल. त्यात भिंतीसुद्धा ताप आल्यासारख्या गरम होतात. बूच आपोआप वर आलं, काचेवरून लाल ओघळ आला आणि आतलं उकळलेल्या मुरंब्यासारखं झालं. वसंताने हुंगलं आणि मोरीत ओतलं. मग मला पेवाची आठवण झाली. बोरीला आमच्या गोठ्यामागे जमिनीत ज्वारी साठवायचं पेव होतं. वरून अरुंद तोंड, आत घागरीसारखं पोट. ज्वारी पेरणं लोकांनी सोडलं तसं ते रिकामंच पडलं होतं. मी वसंताला आत उतरवलं. तो बराच वेळ वर येईना. मी वरून ओरडलो, "मेला का बे?" खालून आवाज आला, "मारत्या, हे तं निरा तिकडच्या तळघरावानी आहे! असंच गार, असंच अंधारं. पाटीलबुवा, तुमच्या बापानं आपल्यासाठीच खंदून ठेवलं होतं हे."

त्यानंतर आमच्या सगळ्या बाटल्या पेवात आडव्या पडून राहिल्या. उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. विझला तर हवा वाईट, त्या दिवशी उतरायचं नाही. धान्याच्या काळापासूनचा हा नियम आम्ही वाइनलाही लावला. आडव्या ठेवायच्या म्हणजे बूच ओलं राहतं, नाहीतर ते वाळतं आणि हवा आत शिरते, हे वसंताने सांगितलं. बाकी सगळं मी माझ्या धंद्यातून ओळखलं.

एका हिवाळ्यात त्याने मला तिथल्या जमिनीबद्दल सांगितलं. आम्ही अडाण नदीच्या काठी बसलो होतो. तो म्हणाला, तिकडे अशीच एक नदी आहे, खूप मोठी, आणि तिच्या डाव्या काठाची सगळ्यांत नावाजलेली द्राक्षं जिथे येतात तिथे नुसते गोटे आहेत.

"म्हंजे बरड?"

"बरडच. आपल्या इकडं कोणी फुकट घेणार नाई अशी. पाणी थांबत नाई, मंग मूळ खाली खाली जाते. उजव्या काठाले चिकण माती आहे, तिकडचं द्राक्ष वेगळं, दारू नरम. पन जी टिकते, थे गोट्यातली."

बरड जमिनीवाल्याला मुलगी द्यायला लोक का कू करतात. माझ्या वडिलांची जमीन बरडच होती, म्हणून तर मी यार्डात पाठीवर गाठोडी घेतली. खोल मूळ गेलं म्हणजे काय, ते मला द्राक्षाकडून शिकायची गरज नव्हती. पण त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी बरडाला चांगलं म्हटलं.

बाटली पिकली की नाही ते रंगावरून कळतं. कोवळी असते तेव्हा जांभळाचा रस. पिकली की पेल्याच्या काठाला भाजलेल्या विटेचा रंग येतो, आणि मध्यभागी डाळिंबाचा राहतो. उघडण्याच्या आदल्या दिवशी ती उभी करून ठेवायची, म्हणजे वर्षानुवर्षांचा गाळ तळाशी बसतो. मग बाटलीच्या मानेमागे बॅटरी धरून अगदी हळू ओतायची. उजेडात काळी रेघ मानेकडे सरकताना दिसली की हात थांबवायचा. ओतायचं काम वसंताचं, बॅटरी माझी. माझ्या आयुष्यात मी दुसऱ्या कोणाच्या कामासाठी इतका स्थिर हात धरलेला नाही.

आणि वास. आधी काहीच येत नाही, बंद खोलीसारखं. वसंता म्हणायचा, "श्वास घेऊ दे तिले, झोपेतून उठली आता." थोड्या वेळाने एकेक येऊ लागतं. नवी पेन्सिल सोलल्याचा वास. मग बिडीच्या पानांची गोणी. मग भिजलेल्या जंगलातला, पाल्याखालच्या अळंबीचा. कातड्याच्या जुन्या चपलेचा. फळ असतं, पण ताजं नाही, वाळवणाच्या कोपऱ्यातलं. घोट घेतला की तुरटपणा जिभेवर येतोच, तो मेलेला नसतो. पण आता तो ओरबाडत नाही, हात धरून बसतो. आणि घोट गिळल्यावर चव किती वेळ टिकते, ते मी मनात मोजायचो, जसा अंगठ्यांत धागा ओढून बघतो तसंच. आखूड धाग्याची वाइन गिळली की संपते. लांब धाग्याची संपत नाही. तुम्ही दुसरं काही बोलायला लागता आणि ती मध्येच पुन्हा येते.

जेवणावरून मात्र घरात भांडण व्हायचं. तिखटाने तिचं तोंड बंद होतं, म्हणून वसंता मटण नुसत्या मिठात आणि थोड्या तुपात शिजवायला लावायचा. त्याबरोबर गोवरीच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे. माझी बायको सुमन भांडं आपटायची. "वसंता भाऊजी, एवढे वर्सं परदेशात राहून हेच शिकले का? हे तं बिमाराचं जेवन हाय."

"वहिनी, एक घोट घेऊन पाहा, मंग बोला."

"मले नको बाप्पा. तुमची दवाई तुमीच घ्या."

आमच्या निवाड्याची एक रीत होती. गुरांच्या बाजारात सौदा रुमालाखाली होतो, हे इकडे सगळ्यांना ठाऊक आहे. विकणारा आणि घेणारा हात हातात धरतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. बघ्यांना काही कळत नाही, आणि तोंडाने खोटं बोलणाऱ्यालाही बोटांनी खोटं बोलणं जड जातं. वाइन प्यायल्यावर आम्ही तसंच करायचो. दोघांनी डोळे मिटायचे, रुमालाखाली हात धरायचा आणि एकाच वेळी बोटं दाबायची. सोळा आण्यांपैकी किती? वसंता तिथल्या साहेबांकडून मोठमोठे शब्द शिकला होता, पण ते माझ्यासमोर कधी वापरले नाहीत. बहुतेक वेळा आमचं एका-दोन आण्यांनी चुकायचं. कधी तंतोतंत जुळायचं, आणि तेव्हा आम्ही एकमेकांकडे न पाहता हसायचो.

त्याला जुन्या पद्धतीचीच वाइन आवडायची. तो सांगायचा, आता तिकडेही बरेच लोक लवकर तयार होणारी करतात, गोडसर, जड, नव्या लाकडाचा वास मारणारी. विकत घेतली की त्याच रात्री प्यायची. मला ते लगेच समजलं. आमच्याकडे पूर्वी उशिरा येणारा देशी कापूस होता, हळूहळू फुटायचा, संक्रांतीनंतरही वेचा चालायचा. आता सगळ्यांना लवकरचं वाण हवं. मी धंदेवाला आहे, लवकरच्या मालावर माझंही पोट चालतं. पण तोंडाने विचाराल तर उशिराच्या मालाला उशिराची चव असते. वसंता एकदा मला म्हणाला होता, "तूबी तसाच आहे. पह्यले तुया जवळ उभं राहवत नोतं. आता बसवते जरा." मी त्याच्यावर चिडलो. तो म्हणाला, "पाह्य, अजून दोन वर्सं ठिवा लागते तुले."

शेवटची बाटली साधी नव्हती. नोकरी सोडून कायमचा परत येताना त्याने ती आणली. माझ्यासमोर ठेवली आणि वरचं साल दाखवलं. मी दारव्ह्याच्या यार्डात पहिल्यांदा गाठोडं उचललं, ते साल. त्या वर्षी माझ्या खांद्याची कातडी सोलून निघाली होती आणि आई त्यावर हळद-तेल लावायची. वसंता म्हणाला, "तू इकडं कापूस उचलून राह्यलता, तवा तिकडं कोनीतरी ह्या द्राक्षाच्या पाट्या उचलून राह्यलता. दोघायचं एकाच वर्सी. ही तुई आहे." मी वर्षभर तिचा विचार करत होतो. त्या वर्षाचं काय झालं असेल? पाठीवरून गेलेलं सगळं असं कुठेतरी अंधारात पडून राहून गोड होतं का? मला ते प्यायचं होतं. ठरलं, पुढच्या हंगामाचा पहिला कापूस यार्डात आला की त्या संध्याकाळी उघडायची. दोघांनी.

पण मध्ये पावसाळा आला आणि बोरीच्या पेवात पाणी शिरलं. कंदील सोडला तर खाली त्याचंच प्रतिबिंब दिसलं. मी बाटली काढून घरामागच्या जिनिंगवर आणली आणि सरकीच्या कोठीत, ढिगाच्या पोटात ठेवली. सरकी म्हणजे रुई काढल्यावर उरलेलं कापसाचं बी. वाळलेल्या सरकीत बाहेरची ऊब शिरत नाही, हा माझा अनुभव आहे. वसंताने ऐकलं आणि चेहरा पाडला.

"सरकीत? सरकी तापते ना बे."

"ओली तापते. ही उन्हाळाभर वाळली आहे. तू मले सरकी शिकवून राह्यला?"

"पावसाची हवा खाल्ली आसन तिनं."

"कोपरापर्यंत हात घालून पाह्यला मी. गार आहे."

आजही सांगतो, ती सरकी कोरडी होती. मी हात घातला तेव्हा गार होती.

गेल्या हंगामाचा पहिला कापूस आला त्या दिवशी मी फुलसावंगीला गेलो होतो. तिथल्या एका शेतकऱ्याकडे पांढराशुभ्र माल आहे असं कळलं होतं, आणि असा माल मी फोनवर घेत नाही. शेतात अजून सीतादहीचा दहीभात सांडलेला होता, पहिल्या वेच्याची पूजा आदल्याच दिवशी झाली होती. शेतकरी माझ्यासारखाच हट्टी निघाला. आमची घासाघीस दुपार उलटेपर्यंत चालली, शेवटी दोघंही हसलो आणि त्याने मला भाकर खाऊ घातली. परत येताना जीपमध्ये मी मनातल्या मनात रुमालाची घडी घालत होतो. मला वाटलं होतं, सोळा आणे. मी आधीच ठरवून टाकलं होतं.

घरी आलो तर दिवेलागण झाली होती. ओट्यावर बाटली पालथी. शेजारी दोन पेले, दोन्ही धुतलेले.

"वसंता कुठं आहे?"

सुमन पोळ्या लाटत होती. तिने मान वर केली नाही. "गेले. सांजवरिक तरी उभी राहीन म्हणून बाटली कोठीतून काढाले आलते. काढली, मान पुसली, अन् पाहतच राह्यले. बूच वर आलं म्हणे."

"मंग?"

"मंग उघडली. दोन गिलास मांगतले. दोन्हीत ओतलं. एकटेच बसले होते अंगणात."

"दोन्ही गिलास पेला?"

"मी काय पाहत बसली का? थोड्या वेळानं पाह्यलं तं रडून राह्यले होते का हसून राह्यले होते, मले समजलं नाई. मंग सगळं घासून, धुवून, पुसून गेले. वहिनी येतो म्हणे."

मी बाटली उचलून नाकाला लावली. राखेचा आणि साबणाचा वास. तळाशी गाळाचा कणही नव्हता. इतकी वर्षं साठलेला गाळ त्याने एका संध्याकाळी घासून काढला होता. मला राग बाटलीचा आला नाही, धुण्याचा आला. प्यायलास तर प्यायलास, पण वास तरी ठेवायचास.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या दारात उभा राहिलो. तो दाढी करत होता.

"काहून उघडली?"

"बूच वर आलं होतं, मारत्या. नसती उघडली तं वायाच गेली असती."

"मंग मले फोन कायले नाही केला?"

"तू सौद्यात होता."

"धुतली काहून?"

"सवय आहे. हॉटेलात जनम गेला माया."

"कशी होती?"

त्याने साबण पुसला. "झाली ना आता. सोड."

मी खिशातून रुमाल काढला. हात पुढे केला आणि वर रुमाल टाकला. आजवर आमच्यात एवढं पुरायचं. तोंडाने सांगायला अवघड असेल तर बोटांनी सांग. चार आणे तर चार आणे, सोळा तर सोळा. वसंताने हात पुढे आणला. त्याची बोटं माझ्या तळहाताला लागलीही. ओली होती, थंड होती. मग त्याने हात मागे घेतला. रुमाल माझ्या एकट्याच्या हातावर राहिला. मी तिथून निघून आलो, आणि त्या दिवसापासून आम्ही बोललेलो नाही. यार्डासमोर चहाला तो एका बाकावर बसतो, मी दुसऱ्या. आता चहावाल्याला कप मागे सरकवावा लागत नाही. मी ओरडतच नाही.

वर्षभर मी हे फिरवून फिरवून पाहिलं. कापसाच्या गाठीला चारही बाजूंनी टोचून पाहावं तसं. दोनच गोष्टी निघतात. एक तर ती इतकी चांगली निघाली की वसंताला थांबता आलं नाही, दुसऱ्या पेल्यापर्यंत हात गेला, आणि आता तोंड दाखवायची लाज वाटते. नाहीतर ती नासलेली होती, आणि मला ते कळू नये म्हणून त्याने दोन्ही पेले ओतले, बाटली घासली आणि चोरीचा आळ स्वतःवर घेतला. यार्डातल्या लोकांना विचारलं तर ते या दोन्हींतलं दुसरं खरं मानतील. सुमनही तेच मानते. ती म्हणत नाही, पण वसंताचं नाव निघालं की पोळी फुगेपर्यंत बोलत नाही. मला ठरवता येत नाही. माझ्या अंगठ्यांना धाग्याची लांबी कळते, पण न चाखलेल्या घोटाची कळत नाही.

वसंता, हे तू वाचशील, कारण गावातलं छापलेलं तू सगळं वाचतोस. पहिलं खरं असेल तर तू चोर आहेस. चोराला मी जेवायला बसवीन, अळणी मटण आणि रोडगे करायला लावीन. दुसरं खरं असेल तर तू माझ्यावर दया केलीस, आणि ते मी सोडणार नाही. मी आजवर भाव पाडून घेतला, चढवून दिला, शिव्या दिल्या, खाल्ल्या. दया कोणाकडून घेतली नाही. ते साल माझ्या पाठीवरून गेलं आहे. आंबलं असेल तर माझं आंबलं. ते गोड निघालं की सडलं, हे ठरवायला तू कोण? तू प्यायलास, तुझ्या जिभेवर ते आहे, आणि ते माझं आहे. आजचा कापूस चांगला होता, धागा लांब होता, माझा राग आज शांत आहे, म्हणून शांतपणे विचारतो. माझ्या समोर उभा राहा, माझ्या डोळ्यांत पाहा, आणि तोंडाने सांग: कशी होती?